टूरिंग बाईकवर म्युझिक सिस्टम: हँडलवर स्पीकर की हेल्मेटात?

घाटमाथा

मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बाईक रॉयल एनफील्डची हिमालयन, जुनी ४११ सीसीवाली. डिसेंबरात बायको आणि मी पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मग दिवेआगर-हरिहरेश्वर आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने खाली गोव्यापर्यंत, सुट्टी उरली तर गोकर्ण. फेरीबोटी, मुक्काम सगळं ठरलंय, अडलंय ते गाण्यांवर. वाटेत गाणी हवीत अशी घरून अट आहे आणि खरं सांगायचं तर मलाही हवीयेत.

नाना पेठेत एका दुकानात विचारलं तर तो म्हणे हँडलला दोन, क्रॅशगार्डला दोन असे चार स्पीकर आणि अँप लावून देतो, "हजार वॅट आहे साहेब, शंभरच्या स्पीडला पण खणखणीत". ऑफिसातला मित्र म्हणतो असलं काही लावू नको, हेल्मेटात ब्लूटूथ घे. दुसरा म्हणतो साधे इअरफोन घाल आणि गप्प बस. बजेट दोघांचं मिळून वीस हजार, फार तर थोडं वर. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा, यूट्यूब बघून बघून डोकं भंजाळलंय.

सिंगल सिलिंडर

हिमालयन आहे ना? मग वेगळं म्युझिक कशाला, इंजिनातले टॅपेट वाजतात की. (हलके घ्या)

वायरमन

घाटमाथा, दुकानदाराच्या हजार वॅटचं आधी बघू, मग बाकीचं.

त्या अँपच्या वायरीवर फ्यूज असतो तो काढून बघा किती अँपिअरचा आहे ते. साधारण दहाचा निघेल. बाईकची लाईन चालू इंजिनवर चौदा व्होल्टच्या आसपास, म्हणजे दहा गुणिले चौदा, एकशेचाळीस वॅट. यापेक्षा जास्त करंट त्या वायरीतून सलग गेला तर फ्यूज उडणार. आत एकशेचाळीस जातात आणि बाहेर हजार पडतात असं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही, बनवलं तर महावितरण त्याला पालखीतून नेईल. डब्यावर कंपन्या पीक पॉवर छापतात, एका क्षणाला जास्तीत जास्त किती ते. आपल्याला बघायचा तो आरएमएसचा आकडा, म्हणजे सलग किती देतं ते, आणि तो बहुतेक डब्यांवर नसतोच.

दुसरं म्हणजे बाईककडे द्यायला वीज आहे किती? ४११ चा अल्टरनेटर दोनशेवीस वॅटच्या आसपासचा, तोही इंजिन चांगलं फिरत असताना. हॅलोजन हेडलाईट पंचावन्न-साठ खातो, वर फ्यूएल पंप, इंजेक्शन, इग्निशन, मागचा दिवा. तुम्ही त्यात फोन चार्जिंग आणि कदाचित फॉगलाईट पण लावले असतील. उरतं ते फार नाही. ट्रॅफिकमध्ये आयडलला तर बॅटरीतूनच जातं, आणि ती बॅटरी आहे आठ अँपिअर-अवरची. जेट्टीवर बोटीची वाट बघत इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास गाणी लावलीत की मग बाईक ढकलत बोटीत चढवायची.

तरी लावायचंच असेल तर क्लास डी अँप घ्या (कमी तापतं, कमी खातं), वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, रिले इग्निशनवर म्हणजे चावी काढली की सगळं बंद. हेडलाईटच्या वायरीला टॅप मारून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

खडूस काका

आम्ही बुलेटवर लेह करून आलो तेव्हा ना ब्लूटूथ होतं ना मोबाईल. गाणी स्वतः म्हणायचो. हेल्मेटात छान घुमतात.

सिंगल सिलिंडर

काका, मागे बसणाऱ्याला विचारलं होतं का?

मागच्या सीटवरून

मागे बसणारी म्हणून मीच बोलते, कारण अशा धाग्यांवर पिलियनला कोणी विचारत नाही.

हँडलवरचे स्पीकर मागच्या माणसासाठी नसतातच. पुढे नवऱ्याचा देह, त्याच्यावर जॅकेट, आणि त्याच्या खांद्यावरून येणारा वारा थेट माझ्या हेल्मेटवर. त्याला अंतरा ऐकू येतो, मला नुसतं धुम्म धुम्म. शिवाय गाणं कुठलं ते तोच ठरवणार. आमच्याकडे आता दोन्ही हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहेत आणि गाण्यापेक्षा बोलता येतं याचाच जास्त उपयोग होतो. "पुढे पंप आहे, थांब", "चहा", "मागून एसटी येतीये", एवढं जरी न ओरडता सांगता आलं तरी पैसे वसूल. आधी मी खांद्यावर थापा मारायचे आणि तो प्रत्येक थापेला थांबायचा.

घाटमाथा, घरची अट नीट ऐका. "गाणी हवीत" म्हणजे तिला गाणी हवीत. तुमची नव्हेत.

वायरमन

शेवटच्या ओळीला +१०००. वॅट.

तळकोकणी

तुम्ही आमच्याकडे येताय, आनंद आहे, या. पण ते चार स्पीकर घेऊन येऊ नका ही हात जोडून विनंती.

सीझनला आमच्या गावातून शनिवार-रविवारी जे ताफे जातात ना, त्यांच्या गाड्यांवर हेच असतं. रस्ता म्हणजे काय, दोन्ही बाजूला घरं, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल इतकी जागा, पडवीत म्हातारी माणसं दुपारची लवंडलेली. आमचे आजोबा आता ओरडत नाहीत, नुसते पायरीवर येऊन विचारतात, "खंय चललास रे, वरात खंय?"

आणि गावात वेग पंचवीस-तीस, त्यामुळे तुमचं गाणं आम्हाला पूर्ण ऐकू येतं, तुम्हाला मात्र पुढच्या सड्यावर ऐंशीला गेलात की काही नाही. म्हणजे पैसे तुमचे, मैफल आमची.

एक्झॉस्ट

सगळे एकदम अंगावर आलात राव. मी लावलेत हँडलला स्पीकर, दोनच, छोटे. शहरात ऑफिसला जाताना, रविवारी पानशेतला चाळीस-पन्नासने जाताना मस्त वाटतं. कानात काही कोंबलेलं नाही, मागचा हॉर्न ऐकू येतो, अँब्युलन्स ऐकू येते. हेल्मेटात स्पीकर लावून जगाशी संबंध तोडून चालवणारे जास्त धोकादायक नाहीत का? आणि आवाज कमी ठेवायचं बटण प्रत्येक स्पीकरला असतं, गावात कमी करायचा, त्यात काय. सगळ्या स्पीकरवाल्यांना एकाच माळेत ओवू नका.

तळकोकणी

तुमच्यासारखे कमी करणारे आम्हाला ऐकूच येत नाहीत, म्हणून तुमची संख्या कळत नाही :)

वायरमन

एक्झॉस्ट यांचा मुद्दा चाळीस-पन्नासपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे. त्या वेगात इंजिनाचा आवाज मोठा असतो आणि वाऱ्याचा कमी. पुढे उलटतं सगळं. वेग दुप्पट केला, म्हणजे साठचे एकशेवीस, तर वाऱ्याचा आवाज पंधरा-अठरा डेसिबलने चढतो. आता पंधरा डेसिबल भरून काढायला स्पीकरला वीज लागते तीसपट. दहा वॅटवर जे साठला छान ऐकू येत होतं त्याला एकशेवीसला तीनशे वॅट पाहिजेत. वॅट दुप्पट केले की हातात येतात फक्त तीन डेसिबल, हा हिशोब दुकानात कोणी सांगत नाही. त्यात स्पीकर कानापासून दोन-अडीच फूट लांब, मध्ये हेल्मेटचं थर्माकोल, वरून वारा. धबधब्याखाली उभं राहून रेडिओ ऐकण्यातला प्रकार आहे. उलट हेल्मेटातला स्पीकर कानापासून बोटभर अंतरावर, त्याला एक वॅटसुद्धा जास्त होतो.

कानाचा डॉक्टर

धागा बघून राहवलं नाही. मी कान-नाक-घसा बघतो आणि स्वतः बाईकही चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

इथे चर्चा चाललीये गाणं ऐकू कसं येईल याची. पण हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आतच वाऱ्याचा आवाज किती असतो याचा विचार बऱ्याच जणांनी केलेला नसतो. साधारण ८० च्या वेगाला ९० डेसिबल आणि शंभरच्या वर गेलात की १०० च्या आसपास, हेल्मेट आणि विंडस्क्रीनप्रमाणे इकडेतिकडे. कानाला सुरक्षित म्हणून धरतात ते ८५ डेसिबल आठ तास. तिथून पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. तुम्ही पुणे ते गोवा किती तास चालवणार? आणि हे गाणं न लावता. आता वाऱ्यावर मात करायला त्याच्याही वर गाणं चढवायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. सुरुवात बहुतेक ४००० हर्ट्झच्या आसपास होते, ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात) तिथे खड्डा दिसतो. बोलणं ऐकू येतं, पण गर्दीत शब्द कळत नाहीत, "काय? काय?" वाढतं. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत असेल तर ती मुक्कामाच्या हॉटेलातल्या फ्रिजची नाही.

उपाय स्वस्त आहे. फोमचे इअरप्लग, मेडिकलमध्ये किंवा सेफ्टीचं सामान मिळतं तिथे वीस-तीस रुपयांना जोडी. नीट चोळून बारीक गुंडाळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी चिकटवलेला प्लग काही कामाचा नाही.

घाटमाथा

डॉक्टर, मनापासून आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. पण मला एक कळलं नाही, कानात बोळे घातले तर मग गाणं ऐकायचं कसं? आणि हॉर्न?

कानाचा डॉक्टर

हा प्रश्न ओपीडीत पण येतो. प्लग सगळंच कमी करतो, वारा आणि गाणं दोन्ही, पण स्पीकरचा आवाज तुम्ही वाढवू शकता, वाऱ्याचा वाढत नाही. त्यामुळे प्लग घातल्यावर हेल्मेटातल्या स्पीकरवर बोलणं उलट स्पष्ट ऐकू येतं, आणि कानाच्या पडद्यापर्यंत पोचणारा एकूण आवाज तरी मर्यादेत राहतो. हॉर्नचंही तेच, वाऱ्याची घरघर खाली गेली की हॉर्न वेगळा उठून येतो. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल. फक्त इअरफोन नको, कारण त्यात आवाज किती चढवला ते तुम्हालाच कळत नाही आणि हेल्मेट घालताना निम्म्या वेळा निसटतात.

मिसळ मास्तर

वाचतोय. दिवेआगरला जाताना माणगावात मिसळ कुठे खाता ते पण सांगा म्हणजे धागा सार्थकी लागेल.

सिंगल सिलिंडर

मास्तर, मिसळ खाऊन हेल्मेट लावलं की इंटरकॉमशिवायच मागच्याला सगळं कळतं.

ओहायोकर

मी कोलंबसला असतो, मूळ साताऱ्याचा. इकडचं चित्र थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो, कारण सिस्टम लावायची कल्पना मुळात या मोठ्या टूरिंग गाड्यांवरून आलीये आणि तिथे ती चालते याला कारणं आहेत.

आमच्या घरापासून तासाभरावर मेरीसव्हिल आहे, तिथे होंडाची गोल्ड विंग १९८० पासून कित्येक वर्षं बनत होती. त्याच वर्षी गोल्ड विंगचंच इंटरस्टेट नावाचं जे मॉडेल आलं त्याला कंपनीचंच फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच), डिक्क्या, आणि जास्तीचे पैसे देऊन स्टिरिओ मिळायचा. २०१८ च्या गोल्ड विंगला तर बाईकवर पहिल्यांदा अ‍ॅपल कारप्ले आलं. हार्लेच्या स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइडला फेअरिंगमध्ये स्पीकर, बीएमडब्ल्यूच्या आर १८ ट्रान्सकॉन्टिनेंटलला मार्शलचे. पण बघा, हे सगळे स्पीकर मोठ्या फेअरिंगच्या आत, काचेच्या मागे, म्हणजे वारा आधी अडवलाय आणि मग स्पीकर ठेवलाय. अल्टरनेटर मोठे. वेग वाढला की आवाज आपोआप वाढतो, सिग्नलला थांबलं की कमी होतो. मी ब्लू रिज पार्कवेला स्ट्रीट ग्लाइड भाड्याने घेऊन गेलो होतो, तिथे मर्यादा ४५ मैल, म्हणजे सत्तरच्या जरा वर, त्या वेगात गाणं अगदी गाडीत बसल्यासारखं ऐकू येतं. इंटरस्टेट हायवेला ७० मैलांवर तेच स्पीकर ओरडायला लागतात.

आणखी एक, इकडे ओहायोसारख्या बऱ्याच राज्यांत मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही. उघड्या कानाने चालवणारे भरपूर. कॅलिफोर्नियात तर दोन्ही कानांत इअरफोन घालून गाडी चालवायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे फेअरिंगमधल्या स्पीकरला इथे मागणी आहे. हिमालयनवर त्यातलं काहीच नाही, ना फेअरिंग, ना वीज, आणि डोक्यावर हेल्मेट आहेच (असायलाच हवं).

खडूस काका

म्हणजे पस्तीस-चाळीस लाखांची बाईक घेतली की गाणं ऐकू येतं. कळलं. तोवर मी म्हणतो माझं मीच.

एक्झॉस्ट

ओहायोकर, फेअरिंगचा मुद्दा पटला. पण मग हिमालयनला मोठी काच लावली तर? बाजारात मिळतात वेगवेगळ्या उंचीच्या.

वायरमन

सावध. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा घुसळत येतो, तो जर नेमका हेल्मेटच्या खालच्या कडेला लागला तर आवाज वाढतो, कमी होत नाही. कित्येकदा काच काढून टाकली की वारा जास्त लागतो पण गडगडाट कमी होतो. उंची माणसागणिक बदलते. मित्राच्या बाईकवर चालवून बघा, उभं राहून आणि बसून दोन्ही, उभं राहिल्यावर एकदम शांत वाटलं तर समजा बसल्यावर तुमचं डोकं त्या घुसळणीत येतंय. हेल्मेटच्या हनुवटीखाली कापडी पडदा मिळतो, तो लावून पण फरक पडतो, शंभर-दोनशेत काम.

टोपीवाला

हेल्मेटच्या दुकानात बसतो त्यामुळे रोज हेच बघतो. स्पीकर कुठला घेतला यापेक्षा तो बसवला कुठे याला महत्त्व आहे, आणि निम्मी गिऱ्हाईकं "आवाजच नाही" म्हणून जे परत येतात त्यांचा स्पीकर कानाच्या खाली गालावर किंवा मागे मानेवर असतो.

१. हेल्मेटमध्ये स्पीकरचा खड्डा आहे का बघा. आता बऱ्याच हेल्मेटना असतो, साधारण चाळीस मिलिमीटरचा स्पीकर मावतो. खड्डा नसेल तर पातळ स्पीकर घ्या किंवा हेल्मेट बदला, पण थर्माकोल कापू नका, कधीच. पडल्यावर डोकं तेच वाचवतं. आणि आयएसआय शिक्का बघा, नुसता स्टिकर नको.

२. हेल्मेट घालून, बोट आत घालून कानाचं भोक नेमकं कुठे येतं ते चाचपा, तिथे खूण करा, वेल्क्रो तिथे. पाव इंच सरकला तरी आवाज निम्मा वाटतो.

३. स्पीकर कानाला टेकता कामा नये. तासाभरात कान दुखायला लागतो आणि माणूस सगळा दोष हेल्मेटला देतो. कान आणि स्पीकर यात अंतर जास्त असेल तर मागे फोमची चकती द्या.

४. इक्वलायझरमध्ये बेस वाढवू नका. वाऱ्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीचा असतो, तो बेस गिळून टाकतो आणि बॅटरी मात्र खर्च होते. मधली पट्टी, म्हणजे गायकाचा गळा, ती थोडी वर घ्या.

मागच्या सीटवरून

टोपीवाला, बायकांचे कानातले विसरलात. झुमके काढून पर्समध्ये, टॉप्स चालतात.

दूरचा रायडर

ग्रुपने जाणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा. साधं ब्लूटूथ दोघांत उत्तम, तिसरा-चौथा आला की साखळी बनते, मधला एक मागे राहिला की साखळी तुटते. मेश नावाच्या दुसऱ्या पद्धतीत सगळे एकमेकांशी जोडलेले, कोणी सुटला तर जवळ आला की परत आपोआप. पण एका कंपनीचा मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी थेट बोलत नाही, ब्लूटूथने जोडून काम भागवायला लागतं. डब्यावर दीड-दोन किलोमीटर रेंज लिहितात ते मोकळ्या माळावरचं. आंबा घाटात दोन वळणं मध्ये आली की गेला आवाज.

घाटमाथा यांना मात्र मेशचे पैसे टाकायचं कारण दिसत नाही. दोघं एकाच बाईकवर आहेत, एकमेकांपासून दीड फुटावर. साधा ब्लूटूथ जोडसंच, ज्यात दोघांना एकच गाणं शेअर करता येतं असा बघा. विकत घेण्याआधी "म्युझिक शेअरिंग चालू असताना इंटरकॉम चालतो का" हे विचारा, काहींमध्ये एक चालू केलं की दुसरं बंद पडतं.

घाटमाथा

म्युझिक शेअरिंग! हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे तिने तिच्या फोनवरून लावलं तर मलाही तेच?

मागच्या सीटवरून

हो. आणि ही सोय त्याच दिशेने वापरा.

शंकासुर

इतकं सगळं वाचून एक शंका. पोलीस धरतात का?

दूरचा रायडर

फोन हातात धरून बोललात तर धरतातच. हेल्मेटातल्या सेटवरून सहसा कोणी अडवत नाही, पण कानात लोंबणारे इअरफोन दिसले की बाजूला घेतात आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. बाहेरच्या स्पीकरला मात्र ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आसपास शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. ५५ डेसिबल म्हणजे गप्पा मारण्याइतका आवाज हो. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहे, त्यात दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. बजेटचा अर्धा भाग तिथेच.

तळकोकणी

हे छापून आमच्या नाक्यावर लावतो.

खडूस काका

माझं एक ऐका. गाणी राहू देत, पण नकाशाची बाई कानात असू द्या. फोन हँडलवर लावून बघत बघत चालवणारे मी आडे-पाडलेच्या रस्त्यावर बघितलेत, एका बाजूला समुद्र आणि यांचं लक्ष स्क्रीनवर. एका कानाला स्पीकर लावला, त्यात फक्त "डावीकडे वळा", तेवढं पुरे. माझ्या मुलाने बसवून दिलाय मला.

सिंगल सिलिंडर

काका!!! तुमच्याकडे ब्लूटूथ आहे????

खडूस काका

आहे. गाणी नाहीत त्यात.

पावसाळी

मी जुलैत पण चालवतो म्हणून पाण्याबद्दल लिहितो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडलं तरी चालतं. पण ते चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण घट्ट बसलेलं असताना. पॉवर बँक लावून भर पावसात चार्ज करत चालवलं की आयपी गेलं घरी. आणि हँडलच्या स्पीकरवाल्यांनी कोन वर करून बसवू नये, पाणी साठतं. कोकणात खारी हवा आहे, जोडाला ग्रीस लावा नाहीतर हिरवं पडतं.

मुंबई-गोवा महामार्गाचा जो भाग अजून तसाच आहे तिथे मात्र कुठलीच सिस्टम चालत नाही, साडीगार्डच इतकं वाजतं की बस्स.

मिसळ मास्तर

महामार्गाचा विषय काढू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि अ‍ॅडमिन कुलूप लावतील.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. रविवारी मित्राचा सेट मागून घेऊन आम्ही दोघं मुळशी, ताम्हिणी करून आलो, त्यामुळे आता अनुभवावर बोलतो.

इअरप्लग डॉक्टरांनी सांगितले तसे घातले. चाळीसच्या खाली आपण पाण्याखाली आहोत असं वाटतं, पण सत्तरच्या पुढे गेल्यावर कळतं काय गेलं ते. गाणी स्पष्ट. टोपीवाल्यांची बोटाची युक्ती केली, माझा स्पीकर भलतीकडेच होता, मित्र इतके दिवस तसाच ऐकत होता. बायकोने तिच्या फोनवरून लावलं आणि मला शेअर केलं, आणि जाताना नुसती जुनी भावगीतं, मला काही म्हणायची सोय नाही. पण येताना दोघांनाही कंटाळा आला आणि बंद करून नुसत्या गप्पा मारत आलो.

चार स्पीकर रद्द. ब्लूटूथ जोडसंच घेतोय, बजेटमध्ये बसतोय. नाना पेठवाल्याला फ्यूज दाखवा म्हटलं तर तो म्हणे "साहेब तुम्ही इंजिनिअर का?"

आता एकच राहिलं. युनिट हेल्मेटच्या डाव्या बाजूला लावतात सगळे, पण माझ्या हेल्मेटची आतल्या काळ्या काचेची खिट्टी डावीकडेच आहे. उजवीकडे लावलं तर चालेल का?

टोपीवाला

लावू नका. उजवा हात थ्रॉटलवर असतो, बटण दाबायला तोच सोडावा लागेल. बहुतेक युनिटची क्लिप पुढे-मागे सरकते, खिट्टीच्या मागे दोन बोटं सरकवून बसवा. बसत नसेल तर चिकटवायची पट्टी येते डब्यात, ती लावा, पण आधी हेल्मेट स्पिरिटने पुसा आणि पट्टी लावल्यावर रात्रभर तसंच ठेवा, लगेच निघू नका.

घाटमाथा

झालं. आजच पुसतो.

मिसळ मास्तर

माणगावचं राहिलं.